‘जस्ट’ : प्रकल्पातल्या पांगलेल्या कमांडना एक ठावठिकाणा

सॉफ्टवेअरचा कोणताही प्रकल्प वर्ष-दीड वर्ष जुना झाला, की तो चालवायला लागणाऱ्या कमांड चार ठिकाणी पांगतात. काही ‘रीडमी’ या माहितीच्या फाइलीत असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा कालबाह्य झालेल्या असतात; काही ‘स्क्रिप्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये शेलच्या, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलींच्या रूपात पडून असतात; काही सीआयच्या, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, कॉन्फिगरेशनमध्ये दडलेल्या असतात; आणि ज्या खरोखर रोज लागतात, त्या टीममधल्या एखाद्या अनुभवी सहकाऱ्याच्या टर्मिनलच्या हिस्टरीत असतात. नवा माणूस रुजू झाला, की आपल्या मशीनवर डेटाबेस कसा उभा करायचा, फक्त एकाच मॉड्यूलच्या टेस्ट कशा चालवायच्या, स्टेजिंगवर, म्हणजे प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणी-सर्व्हरवर, डिप्लॉय कसे करायचे, असे प्रश्न विचारण्यात त्याचे सुरुवातीचे दिवस जातात, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चॅटवर एक ओळ चिकटवून दिले जाते. ती ओळ पुढच्या माणसासाठी कुठेही नोंदली जात नाही. ‘जस्ट’ हे कमांड-लाइन साधन नेमकी हीच उणीव भरून काढते. मोठ्या-छोट्या, वेगवेगळ्या भाषांतल्या प्रकल्पांत ते वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की कमांड शोधण्याच्या कामी या साधनाइतकी नीट सोय मला दुसरीकडे आढळली नाही. कमांड चालवण्याच्या कामीही ते चांगलेच आहे, पण तिथे दोन जागा अशा आहेत, की त्या आधीच माहीत नसतील तर हात पोळतो.

‘जस्ट’ केसी रोडारमोर यांनी रस्ट भाषेत लिहिले आहे. बिटकॉइनच्या जगात ‘ऑर्डिनल्स’मुळे ओळखले जाणारे रोडारमोर हेच. साधन मुक्त आहे. लेखकाने आपले हक्क सोडून देण्याच्या सीसी-झिरो परवान्याखाली असल्यामुळे कोणत्याही कंपनीच्या कायदा विभागाला त्यावर हरकत घेण्याचे कारण उरत नाही. प्रकल्पाच्या मुळाशी ‘जस्टफाइल’ नावाची एक साधी मजकूर फाइल ठेवायची, तिच्यात प्रत्येक कामाची एक ‘रेसिपी’ लिहायची, म्हणजे एक नाव, पुढे कोलन (:) आणि खाली थोड्या आत सरकवलेल्या कमांडच्या ओळी, आणि मग टर्मिनलवर ‘जस्ट टेस्ट’ किंवा ‘जस्ट डिप्लॉय’ असे लिहायचे, एवढाच त्याचा मूळ व्यवहार आहे. आपण प्रकल्पाच्या कितीही खोल फोल्डरमध्ये असलो तरी ‘जस्ट’ तिथून एकेक पायरी वर जात जस्टफाइल शोधते आणि रेसिपी त्या फाइलच्याच फोल्डरमधून चालवते. ही गोष्ट वाचताना किरकोळ वाटते. पण दिवसभर चार-पाच पातळ्या खालच्या फोल्डरमध्ये काम करणाऱ्याला दर वेळी मुळाशी जाऊन परत यावे लागत नाही, याचे मोल वापरल्यावरच कळते.

खरी गुणवत्ता मात्र यादीत आहे. ‘जस्ट --लिस्ट’ असे लिहिले, की प्रकल्पातल्या सगळ्या रेसिपी, त्यांना लागणारी आर्ग्युमेंट्स (नावापुढे द्यायची माहिती) आणि प्रत्येक रेसिपीच्या वरच्या ओळीत लिहिलेली टिप्पणी हे सारे एका पडद्यावर येते. म्हणजे फाइल लिहिणाऱ्याने रेसिपीच्या डोक्यावर ‘स्टेजिंगच्या डेटाबेसची प्रत आपल्या मशीनवर आणते, साधारण दहा मिनिटे लागतात’ अशी एक ओळ लिहिली, तर तीच ओळ यादीत रेसिपीच्या नावाशेजारी दिसते. दस्तऐवज आणि कमांड एकाच जागी राहिल्यामुळे कमांड बदलणाऱ्याच्या नजरेसमोर तिचे वर्णनही असते, आणि ते जुने पडण्याची शक्यता बरीच कमी होते. यादी मुळात वर्णानुक्रमे येते. फाइलमधलाच क्रम हवा असेल तर ‘--अनसॉर्टेड’ जोडावे लागते. प्रकल्प मोठा असेल तर रेसिपींना गट नेमून देता येतात, आणि मग यादीत डेटाबेसच्या रेसिपी एका मथळ्याखाली, प्रकाशनाच्या दुसऱ्या मथळ्याखाली अशा लागतात. ज्या रेसिपी फक्त इतर रेसिपींच्या मदतीसाठी लिहिल्या आहेत, त्यांच्या नावाआधी अधोरेषा दिली की त्या यादीतून वगळल्या जातात. नुसते ‘जस्ट’ लिहिले तर फाइलमधली पहिली रेसिपी चालते. म्हणून अनेक जण पहिली रेसिपी यादी दाखवणारीच ठेवतात, आणि माझ्या मते प्रत्येक प्रकल्पाने तसेच करावे, कारण अनोळखी प्रकल्पात पाऊल ठेवणाऱ्याने काहीही न जाणता ‘जस्ट’ लिहिले, तर त्याच्या हातून काही चालून जाण्याऐवजी त्याला माहिती मिळावी, हेच योग्य आहे.

नाव आठवत नसेल तर ‘जस्ट --चूज’ आहे. ते ‘एफझेडएफ’ हा अक्षरे टाइप करत निवड करण्याचा प्रोग्राम उघडते आणि निवडलेली रेसिपी चालवते. ज्या रेसिपींना आर्ग्युमेंट द्यावेच लागते, त्या या निवडीत येत नाहीत. हे तर्काला धरून असले तरी पहिल्यांदा वापरणाऱ्याला आपली रेसिपी गायब झाल्यासारखी वाटते. नाव चुकीचे टाइप झाले तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचे होते का’ अशी जवळच्या नावाची सूचना मिळते. आणि एखाद्या रेसिपीत नेमके काय दडले आहे हे चालवण्याआधी पाहायचे असेल तर ‘--शो’ लावले की तिचा मजकूर जसाच्या तसा समोर येतो. दुसऱ्या कोणाच्या प्रकल्पात काम करताना ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

मराठी बोलणाऱ्या टीमसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. रेसिपीचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते. अंक, जोडरेषा आणि अधोरेषा एवढीच त्यात मुभा आहे. टिप्पणी मात्र कोणत्याही लिपीत चालते, आणि देवनागरीत लिहिलेली टिप्पणी यादीत तशीच उमटते. ज्या टीममध्ये चर्चा मराठीत होते आणि कोड इंग्रजीत असतो, तिथे कामाचा हेतू मराठीत लिहिलेला असणे फार उपयोगी पडते, विशेषतः टेस्टिंग किंवा डेटाभरणी करणाऱ्या सहकाऱ्यांना, ज्यांना कोड वाचायचा नसतो, पण कमांड चालवायची असते. अडचण टर्मिनलची आहे. बऱ्याच टर्मिनल प्रोग्राममध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत, अक्षरे एकमेकांवर चढतात किंवा मध्ये पोकळी राहते. हा ‘जस्ट’चा दोष नाही, पण त्याचा परिणाम त्याच्या सर्वांत चांगल्या सोयीवर होतो; म्हणून टिप्पण्या मराठीत लिहायचे ठरवण्यापूर्वी टीममधल्या सगळ्यांच्या टर्मिनलवर एकदा यादी काढून पाहावी.

‘मेक’ असताना हे नवे साधन कशाला, असा प्रश्न जाणकार विचारतील आणि तो रास्त आहे. ‘मेक’ स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिले आणि ते आजही जवळपास प्रत्येक युनिक्सवर सापडते. पण ते फाइली तयार करण्यासाठी बनलेले आहे. ‘मेक’ला सांगितलेले प्रत्येक नाव ही त्याच्या दृष्टीने एक फाइल असते, आणि ती फाइल तिच्या मूळ फाइलींपेक्षा नवी असेल तर काम झालेले आहे असे ते मानते. म्हणूनच प्रकल्पात ‘टेस्ट’ नावाचे फोल्डर असले आणि ‘मेक टेस्ट’ लिहिले, की ते ‘टेस्ट अद्ययावत आहे’ असे सांगून थांबते आणि एकही टेस्ट चालत नाही. यावर ‘फोनी’, म्हणजे हे नाव फाइलीचे नाही, अशी खूण करण्याचा उपाय आहे, आणि अनेक मेकफाइलींमध्ये निम्मी नावे त्या खुणेच्या यादीतच लिहिलेली दिसतात. त्यात टॅबऐवजी स्पेस पडली की येणारी त्रुटी, शेलच्या प्रत्येक डॉलर चिन्हाला दुसरे डॉलर चिन्ह जोडण्याची सक्ती, आणि कमांडला सरळ आर्ग्युमेंट देण्याची सोय नसणे, हे सगळे आले. ‘जस्ट’ने ‘मेक’ची ओळखीची मांडणी घेतली आणि फाइलींचा हिशेब सोडून दिला. टॅब असो वा स्पेस, एका रेसिपीत दोन्हींची सरमिसळ केली नाही की झाले. अस्तित्वात नसलेल्या रेसिपीवर अवलंबून राहणे किंवा दोन रेसिपींनी एकमेकींवर अवलंबून राहणे, अशा चुका एकही कमांड चालण्यापूर्वीच पकडल्या जातात, आणि त्रुटीचा संदेश फाइलमधली ओळ दाखवून येतो. रेसिपी मध्येच फसली तर कोणती रेसिपी, कितव्या ओळीवर आणि कोणत्या एक्झिट कोडने (संपताना मिळणाऱ्या आकड्याने) थांबली, हेही स्पष्ट सांगितले जाते.

आता आर्ग्युमेंट्सकडे वळू, कारण ‘जस्ट’ची ताकद आणि त्याचा पहिला धोका दोन्ही इथेच आहेत. रेसिपीच्या नावापुढे आर्ग्युमेंटचे नाव लिहिता येते, त्याला पूर्वनिर्धारित किंमत देता येते, आणि शेवटच्या आर्ग्युमेंटला तारांकित केले तर उरलेले सगळे शब्द त्यात गोळा होतात. त्यामुळे ‘जस्ट डिप्लॉय’ म्हटले तर स्टेजिंग आणि ‘जस्ट डिप्लॉय प्रॉडक्शन’ म्हटले तर प्रॉडक्शन, अशी रेसिपी एका ओळीत लिहिता येते. ओळीच्या आत ही किंमत दुहेरी महिरपी कंसांत नाव लिहून वापरायची असते, आणि इथेच सावध राहायला हवे. कंसांच्या जागी येणारा मजकूर शेलच्या हाती जाण्यापूर्वी निव्वळ अक्षरांची अदलाबदल म्हणून भरला जातो. समजा, ‘कमिट’ नावाची रेसिपी आहे, ती एक संदेश घेते आणि तिची ओळ ‘गिट कमिट -एम’पुढे कंसांत तो संदेश अशी आहे. आपण अवतरणचिन्हांत ‘लॉगिन पान दुरुस्त’ असा संदेश दिला, तर ती अवतरणचिन्हे आपल्या शेलनेच काढून टाकलेली असतात, आणि गिटच्या हाती तीन सुटे शब्द पडतात. गिट ‘लॉगिन’ हा संदेश मानते, ‘पान’ आणि ‘दुरुस्त’ या फाइली समजून शोधते आणि त्या सापडत नाहीत म्हणून थांबते. थांबली म्हणून बरे; त्या मजकुरात अर्धविराम असता तर पुढचा भाग स्वतंत्र कमांड म्हणून चालला असता.

कंसांभोवती अवतरणचिन्हे दिली की काम भागते, पण मजकुरातच अवतरणचिन्ह आले तर तेही मोडते. खात्रीचे मार्ग तीन आहेत. एक, कंसांच्या आत ‘कोट’ हे फंक्शन वापरणे, जे किंमत शेलसाठी सुरक्षित करून देते. दुसरा, ‘पोझिशनल-आर्ग्युमेंट्स’ ही सेटिंग चालू करून शेलमध्ये नेहमीप्रमाणे ‘डॉलर एक’, ‘डॉलर दोन’ अवतरणचिन्हांत वापरणे. तिसरा, आणि मला सर्वांत पसंत असलेला, म्हणजे रेसिपीच्या नावापुढे आर्ग्युमेंट लिहिताना त्याच्या आधी डॉलर चिन्ह देणे, म्हणजे ते पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) म्हणून शेलमध्ये पोचते आणि तिथे ते शेलच्या सवयीच्या पद्धतीने वापरता येते. ज्या रेसिपींना बाहेरून मजकूर मिळतो, त्या सगळ्यांसाठी यांपैकी एक मार्ग टीमने ठरवून घ्यावा. माहितीपुस्तिकेत हे सारे लिहिलेले आहे. पण महिरपी कंसांचा सोपा मार्ग आधी शिकवला जातो आणि त्याचा धोका मागाहून कळतो, ही या साधनाच्या मांडणीतली उणीव मी मानतो.

दुसरी पोळणारी जागा म्हणजे रेसिपीतली प्रत्येक ओळ नव्या शेलमध्ये चालते. ‘मेक’मध्येही असेच असते, पण ‘मेक’ न वापरलेल्याला ते ठाऊक नसते. पहिल्या ओळीत ‘सीडी फ्रंटएंड’ आणि दुसऱ्या ओळीत ‘एनपीएम इन्स्टॉल’ लिहिले, तर दुसरी ओळ फ्रंटएंडमध्ये न चालता प्रकल्पाच्या मुळाशी चालते. आणि मुळाशीही एखादी पॅकेज फाइल असेल तर कोणतीही त्रुटी न येता भलत्याच ठिकाणी पॅकेजेस उतरतात. पहिल्या ओळीत ठरवलेले चल दुसऱ्या ओळीत रिकामे असते, तेही याच कारणाने. दोन कमांड एकाच ओळीत जोडून लिहिणे हा तात्पुरता उपाय आहे. नव्या आवृत्त्यांत रेसिपीवर ‘वर्किंग-डिरेक्टरी’ अशी खूण करून तिचे फोल्डर ठरवता येते, आणि नुसत्या फोल्डरबदलासाठी तोच मार्ग स्वच्छ आहे. काम खरोखर लांबलचक असेल, तर रेसिपीच्या पहिल्या ओळीत शेबँग लिहावा, म्हणजे ‘#!’ या चिन्हांपुढे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगावे. मग संपूर्ण रेसिपी एका तात्पुरत्या फाइलमध्ये जाते आणि एकसंध स्क्रिप्ट म्हणून चालते. हा शेबँग पायथनचाही असू शकतो, नोडचाही. एकाच जस्टफाइलमध्ये तीन ओळींची शेल रेसिपी आणि तिच्या खाली वीस ओळींची पायथन रेसिपी शेजारी नांदताना पाहणे हा या साधनाचा खास आनंद आहे. मात्र बॅशचा शेबँग लिहिला तर मध्येच फसलेल्या ओळीनंतर स्क्रिप्ट पुढे चालत राहते, कारण ओळीगणिक थांबण्याची ‘जस्ट’ची खबरदारी तिथे लागू नसते, म्हणून ‘सेट -ई’ (त्रुटी आली की थांबा) आणि त्याच्या जोडीच्या सूचना स्वतः लिहाव्या लागतात. तसेच, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून काही चालवायला बंदी असलेल्या कडक सर्व्हरवर शेबँगच्या रेसिपी परवानगीच्या त्रुटीने थांबतात. अशा ठिकाणी ‘टेम्पडिर’ या सेटिंगने दुसरे फोल्डर सुचवता येते.

उरलेल्या सोयी भराभर सांगण्यासारख्या आहेत. पर्यावरण-चले लिहून ठेवलेली ‘डॉट-ईएनव्ही’ फाइल आपोआप वाचण्याची सेटिंग आहे. एका रेसिपीला दुसरीवर अवलंबून ठेवता येते, आणि एका फेरीत तीच रेसिपी त्याच आर्ग्युमेंट्ससह दोनदा चालत नाही. लिनक्स, मॅक आणि विंडोज यांसाठी एकाच नावाच्या वेगवेगळ्या रेसिपी लिहून प्रत्येकीवर त्या-त्या प्रणालीची खूण करता येते. ‘कन्फर्म’ ही खूण केली की रेसिपी चालण्यापूर्वी होकार विचारला जातो, आणि प्रश्नाचा मजकूर आपण ठरवू शकतो. डेटाबेस पुसणाऱ्या किंवा प्रॉडक्शनला हात लावणाऱ्या प्रत्येक रेसिपीवर ही खूण असलीच पाहिजे, असे मी म्हणेन. फाइल फार वाढली तर तिचे तुकडे वेगळ्या फाइलींत करून जोडता येतात.

बसवण्याचे म्हणाल तर ते एकच एक्झिक्युटेबल आहे, त्याला दुसरे काही लागत नाही. होमब्रू, कार्गो, विंगेट यांवरून ते मिळते; उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीपासून त्यांच्या अधिकृत साठ्यातही आहे, पण तिथली प्रत मागे राहते आणि वर सांगितलेल्या काही नव्या खुणा तिला कळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. विंडोजवर ‘जस्ट’ स्वतः व्यवस्थित चालते, पण मुळात ते युनिक्सचे ‘एसएच’ शेल शोधते. गिट बसवलेल्या बहुतेक मशीनवर ते सापडते. नसेल तर फाइलमध्ये ‘विंडोज-शेल’ ही सेटिंग करून पॉवरशेल नेमावे लागते, आणि मग रेसिपीही पॉवरशेलच्या भाषेत लिहाव्या लागतात. मिश्र टीममध्ये हा खर्च खराच आहे आणि तो आधी मोजावा.

आवृत्तीबद्दल या प्रकल्पाने दिलेले वचन मला फार मोलाचे वाटते. २०२२ साली १.० ही आवृत्ती आली, आणि जुन्या जस्टफाइली मोडणारी २.० कधीही काढली जाणार नाही, असे लेखकाने माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवले आहे. जिथे वागणूक बदलणे भाग आहे, तिथे ती फाइलमध्ये सेटिंग करून मागावी लागते. दहा वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाच्या मुळाशी एखादी फाइल ठेवताना असा शब्द मिळणे महत्त्वाचे असते.

जिथे ‘जस्ट’ वापरू नये, तेही सांगितले पाहिजे. मूळ फाइल बदलली तरच पुढचे काम करायचे, हा ज्यांच्या कामाचा गाभा आहे, त्यांनी ‘मेक’ सोडू नये; ‘जस्ट’ला फाइल नवी की जुनी याच्याशी देणेघेणे नाही आणि प्रत्येक रेसिपी दर वेळी चालते. तशी तपासणीही हवी आणि मांडणी यॅमल या कॉन्फिगरेशनच्या मजकूर-स्वरूपात चालणार असेल, तर गो भाषेत लिहिलेले ‘टास्क’ पाहावे; मात्र यॅमलमध्ये लिहिलेल्या लांब शेल कमांड वाचायला मला जड जातात. प्रकल्प निव्वळ जावास्क्रिप्टचा असेल आणि कमांड मोजक्या असतील, तर ‘एनपीएम रन’ पुरेसे आहे, शिवाय ते आधीच बसवलेले असते. त्याची मर्यादा अशी, की त्याची यादी जेसन या डेटाच्या मजकूर-स्वरूपात असते आणि जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, म्हणून यादीत नुसती नावे आणि कमांड दिसतात, त्या कशासाठी आहेत ते दिसत नाही. ज्या प्रकल्पात पायथनचा सर्व्हर, नोडचा फ्रंटएंड आणि डॉकरच्या चार सेवा एकत्र आहेत, तिथे मात्र यांपैकी कोणत्याही भाषेच्या साधनाला सगळ्यांचे मुखत्यार करण्यापेक्षा ‘जस्ट’ ठेवणे अधिक सयुक्तिक आहे.

सुरुवात करणाऱ्याने एकदम सगळे त्यात ओतू नये. आधी यादी दाखवणारी पहिली रेसिपी, मग उभारणी, टेस्ट आणि स्थानिक सर्व्हर चालवणे एवढ्या तीन, प्रत्येकीवर एक ओळीची टिप्पणी, आणि सीआयच्या फाइलमधल्या लांब कमांड काढून तिथेही याच रेसिपींची नावे. ही शेवटची पायरी टाळू नये. सीआय आणि माणसे एकाच रेसिपीवर आली, की टेस्टची पद्धत बदलणाऱ्याला बदल जस्टफाइलमध्येच करावा लागतो, आणि फाइल मोडली तर त्याच दिवशी सीआय लाल होऊन ते सगळ्यांना कळते. नंतर कोणी चॅटवर कमांड विचारली, तर उत्तरादाखल ती ओळ चिकटवण्याऐवजी तिची रेसिपी लिहून पाठवावी आणि विचारणाऱ्याला तिचे नाव कळवावे.